माझा झाडू आणि हज्जियाच्या चिमण्या

सुगरण पक्ष्याबद्दल मला कोणी काही शिकवायचं नाही, असं मी हज्जियाला बोलून गेले आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आधी हज्जिया कोण ते सांगते. आम्ही नवराबायको बहरीनला बुदैयात राहतो. एक जुनं अरबी घर आहे, त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, त्या आमच्या. पुढचं घर तिचं. हज करून आलेल्या म्हाताऱ्या बाईला इथं हज्जिया म्हणतात, तेच मी म्हणते. ती मला उख्ती म्हणते, म्हणजे बहीण. वयानं ती माझ्याहून मोठी, पण ते तिला मान्य नाही. एकदा सरळ म्हणाली, "तू पंजाबी ड्रेस घालतेस म्हणून लहान वाटतेस, माझ्यासारखा काळा अबाया घाल मग कळेल." ती बोलते अरबी, मधेमधे जुन्या हिंदी दुकानदारांकडून उचललेलं हिंदी. माझं अरबी भाजीबाजारापुरतं. आमचे हे म्हणतात, "तुम्ही दोघी बोलायला लागलात की ऐकणाऱ्याला दुभाष्या लागतो, तुम्हाला लागत नाही." म्हणून इथं सगळं मराठीतच लिहिते. नाहीतर तुम्हीही अडकाल आणि मीही.

हज्जियाच्या मागच्या अंगणात, म्हणजे आमच्या दारासमोरच, जाळीचा एक मोठा पिंजरा आहे. पिंजरा म्हणजे काय, आमच्या दोन्ही खोल्या त्यात मावतील. आत बाभळीसारखं एक काटेरी झाड आहे, अर्धं वाळलेलं. आणि त्या झाडावर बारक्या बारक्या चिमण्या. अंग मातकट, डोक्यावर फिकट राखाडी टोपी, डोळ्याला पांढुरकी कडा, शेपूट आखूड. नर कुठला, मादी कुठली, काही कळत नाही. रंगाच्या बाबतीत अल्लानं त्यांच्यावर अजिबात खर्च केलेला नाही. पण तोंडं? बाप रे! सकाळी उजाडलं की सगळ्या एकदम बोलणार, कोणी कोणाचं ऐकणार नाही. आमच्याकडे लग्नघरात नारळ खवायला बसलेल्या बायका असतात ना, तसं.

या चिमण्या हज्जियाच्या नवऱ्याच्या, हाजींच्या. ते जाऊन आता दोन वर्षं होत आली. आफ्रिकेतून पक्षी आणणाऱ्या कोणा दुकानदाराकडून त्यांनी त्या घेतल्या होत्या आणि जवळच्याच एका शेतावर भावाच्या बागेत ठेवल्या होत्या. तिथं मोठं झाड, खाली रान माजलेलं. हाजी रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन तिथं जायचे आणि म्हणे चिमण्यांना बातम्या सांगायचे. मग भावाच्या मुलांनी शेत विकलं, तिथं व्हिला उठायला लागले आणि या थंडीत चिमण्या इथं आल्या. घरटी काही आली नाहीत. ती त्या झाडालाच राहिली, आणि झाड पाडलं.

त्या दिवसापासून चिमण्यांनी संप केला. दाणे खायच्या, पाणी प्यायच्या, भांडायच्याही, पण घरटं म्हणून एक काडी हलवायच्या नाहीत. अंधार पडला की सगळ्या एका फांदीवर ओळीनं एकमेकींना चिकटून बसायच्या. थंडीत दोन-तीन मेल्यासुद्धा.

हज्जियाचा मुलगा बँकेत आहे. घर जवळच, रोज संध्याकाळी आईला बघायला येतो. चांगला मुलगा आहे, मला खाला म्हणतो, म्हणजे मावशी, माझे घावणे उभ्या उभ्या खातो. पण त्यानं नवी गाडी घेतली होती, आणि त्या गाडीला सावली पाहिजे होती. पिंजऱ्याची जागा त्याच्या डोळ्यांत भरली होती. त्यानं हमद टाउनमधला एक पक्षीवाला शोधून ठेवला.

"आई," तो म्हणाला, "बाबांच्या वेळी दर वर्षी पिल्लं व्हायची. आता घरटंच नाही तर पिल्लं कुठून? एकेक करून मरतील. त्या माणसाकडे दुसरे पक्षी आहेत, तिथं जगतील. ईदला येऊन घेऊन जाईल तो."

"आणि त्यांनी घरटी केली तर?"

"घरटी केली, अंडी घातली तर मी हात लावणार नाही. वल्ला, अल्लाची शपथ."

मी तिथंच होते, तांदूळ निवडत. तो गेल्यावर हज्जिया पिंजऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हाजींचे कपडे वाटले. घड्याळ मुलानं घेतलं. त्यांचा आवाज ओळखणारं आता एवढंच उरलंय या घरात. मी आणि या."

आता अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी बोलले, "हज्जिया, तू काळजी करू नकोस. हे आमचे सुगरण पक्षी आहेत. आमच्या विहिरीवर माड वाकलेला होता, त्याला शंभर घरटी लटकायची. मी यांच्यातच वाढले. ईदच्या आधी तुला घरटी करून दाखवते."

करून दाखवते म्हणाले मी. जशी काही मीच चोचीत काडी धरणार.

संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं. हे ए.सी. दुरुस्तीचं काम करायचे, आता गुडघ्यामुळे घरी असतात आणि माझ्यावर लक्ष ठेवतात. म्हणाले, "काय गो, माणसांना स्वयंपाक शिकवून झाला, आता चिमण्यांना घरकाम?"

"अहो, हज्जियाचा जीव अडकलाय त्यांच्यात."

"मग जीव सोडव. पण शंभर घरटी कुठून आणलीस? मी लग्नाला आलो तेव्हा चारपाच होती."

कोकणातली सुगरण भाताच्या हिरव्या पात्या सोलते, माडाच्या पातीच्या बारीक पट्ट्या काढते. हे मला पक्कं माहीत. म्हणून मी हज्जियाच्या खजुराच्या झाडाची एक हिरवी झावळी कापून आणवली. झाप विणताना आम्ही झावळी खाडीत भिजत घालायचो, तशी ती न्हाणीघरातल्या टबात भिजत घातली. मग अंगठ्याच्या नखानं एकेक पात चिरून रेशमासारख्या पट्ट्या काढल्या आणि जाळीला बांधल्या. काय सुरेख दिसत होतं! मीच चिमणी असते तर लगेच बांधकाम काढलं असतं.

चिमण्यांनी त्या पट्ट्यांवर बसून हगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या आणखी बारीक केल्या. मग नारळाच्या सोडणाचा काथ्या दिला. मग कापूस. मग आमच्या सुनेनं टाकून दिलेल्या स्वेटरची लोकर उसवून दिली, तीही निळी, म्हटलं आवडेल. हज्जियाच्या मुलानं आधी पेटशॉपमधून लाकडी खोके आणले होते, तेही तसेच टांगलेले. चिमण्या खोक्याच्या डोक्यावर बसायच्या, आत बघायच्यासुद्धा नाहीत. हे रोज चहा पिताना विचारायचे, "टेंडर पास झालं का?" मी म्हणायची, "अजून छाननी चालू आहे."

तेवढ्यात रमजान सुरू झाला. नात दर शुक्रवारी येते. आमचे मुलगा-सून हमद टाउनला असतात, नात इंग्रजी शाळेत. मराठी सगळं समजतं, पण उत्तर येईल ते इंग्रजीतच. तिनं चिमण्यांचा फोटो काढला, फोनमध्ये काहीतरी केलं आणि म्हणाली, "दादी, दीज आर नॉट युवर कोकण बर्ड्स. दे आर आफ्रिकन. सोशल वीव्हर."

"सोशल म्हणजे?"

"म्हणजे लाइक यू. ऑल्वेज टॉकिंग टू नेबर्स."

आफ्रिकन तर आफ्रिकन. मी म्हटलं, विणणारा पक्षी तो विणणारा पक्षी, हिरवी पात ती हिरवी पात. हज्जिया जाळीपलीकडून माझ्याकडे बघायची, लोकरीकडे बघायची आणि नुसतं "इंशाल्ला" म्हणायची. तिचं इंशाल्ला किती प्रकारचं असतं ते मला आता कळतं. हे जे होतं ते म्हणजे "तुझ्यानं काही व्हायचं नाही" वालं.

आता माझ्या झाडूबद्दल सांगायला पाहिजे.

इथं झाडू मिळतात. सगळं मिळतं. पण मला गावचाच झाडू लागतो, गवताच्या तुऱ्यांचा, घट्ट बांधलेला. दर सुट्टीला येताना मी एक घेऊन येते, वर्तमानपत्रात गुंडाळून, बॅगेत तिरपा घालून. मुलांनी मला कितीदा हसून घेतलंय. एकदा विमानतळावर बॅग उघडायला लावली. त्या पोलिसानं झाडू उचलून उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बहरीनमध्ये कचरा नाही का झाडत?" मी म्हटलं, "झाडतात, पण असा नाही." त्यानं बिचाऱ्यानं परत नीट गुंडाळून दिला.

तर त्या दिवशी दुपारी मी पिंजऱ्याच्या आत झाडत होते. असरची बांग झाली. रोजा होता, थकवा आलेला, झाडू तिथंच झाडाला टेकवला आणि नमाजाला गेले. परत आले तर एक चिमणी झाडूच्या टोकाला उलटी लटकलेली. दोन्ही पाय रोवून एक काडी ओढतेय, अशी ओढतेय जशी काही तिच्या बापाची. निघाली काडी. गेली वर. लगेच दुसरी आली. मग तिसरी, आणि पहिली-दुसरीचं भांडण.

मी तिथंच उभी राहिले. हाक मारावी तर चिमण्या उडतील, न मारावी तर झाडू जातोय. हळूच मागं सरकून हज्जियाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक केलं. ती इफ्तारसाठी गहू-मटणाचं हरीस घोटत होती, हातातला डाव तसाच घेऊन आली. दोघी भिंतीला चिकटून उभ्या. वरच्या फांदीच्या अगदी टोकाला, काट्यांमध्ये, माझ्या झाडूच्या पाचसात काड्या आडव्यातिडव्या अडकवलेल्या.

"वाळलेलं गवत," हज्जिया कुजबुजली. "उख्ती, शेतावर झाडाखाली सगळं वाळलेलं गवतच होतं."

"मग आधी नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू तर यांच्यात वाढलीस."

बरोबरच होतं. त्या आफ्रिकेतल्या सुक्या रानातल्या. तिथं हिरवं कुठलं, त्यांना सुकी, ताठ काडीच पाहिजे. आणि मी आपली पात भिजवत बसले होते.

ईदपर्यंत आता सगळं झाडूवर आलं. माझा झाडू बघता बघता टक्कल पडल्यासारखा झाला. मनामा शहरातून दुकानातला एक आणवला, त्याला हिरवा रंग लावलेला होता, चिमण्यांनी चोच लावून थुंकल्यासारखं केलं. शेवटी आमचे हे उठले. गुडघा धरत गाडीत बसले आणि हायवेच्या कडेला शेतांच्या बाजूला वाळलेलं गवत असतं, ते विळ्यानं कापून पोतं भरून घेऊन आले. आमच्याच गावचा एक जण त्यांना तिथं भेटला, गाडी थांबवून विचारतो, "काय चाचा, बकरी पाळलीत?" हे म्हणाले, "नाही, बायको पाळलीय." ही गोष्ट यांनी त्या रमजानमध्ये ज्याला त्याला सांगितली. मीच पाच वेळा ऐकली.

पण एक सांगते, त्या दिवसापासून हे रोज इफ्तारच्या आधी पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून बसायला लागले. तोंडानं म्हणायचे, "वेळ जात नाही रोज्याचा." आणि मधेच, "अगो, ती कोपऱ्यातली बघ, दुसरीच्या घरातली काडी चोरतेय."

चिमण्यांनी घरटी बांधली, पण बांधली कशी, ते ऐका. आमच्या सुगरणीचं घरटं कसं असतं? वर फुगीर, खाली लांब नळी, झुलतंय वाऱ्यावर, बघत राहावं. आणि हे? गवताचा गोळा! काड्या चारी बाजूंनी बाहेर आलेल्या, एकाला एक खेटून, झोपेतून उठून वेणी न घातलेल्या पोरींसारखे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक गोळ्याला खालून दोन भोकं. एक इकडून, एक तिकडून. चिमणी या भोकातून आत जाते आणि त्या भोकातून बाहेर पडते.

मी हज्जियाला म्हटलं, "हे काम कच्चं आहे. यात अंडं घातलं तर दुसरीकडून खाली पडेल."

"त्यांनी केलंय ना, त्यांना कळतं."

"कसलं कळतं! एवढे महिने बेघर होत्या, हात बसलेला नाही राहिला. ईद तोंडावर आली. मी बघते."

मी दाभण घेतलं. गोधड्यांना टाका घालायचं माझं दाभण आणि लाल दोरा. दुपारी चिमण्या दाण्यांवर उतरल्या की स्टुलावर चढायचं आणि एकेका घरट्याचं एक भोक हलक्या हातानं गवत ओढून शिवून टाकायचं. काट्यांनी हात ओरबाडले, पण टाके असे सुबक घातले की विचारू नका. खाली यांनी स्टूल धरलेलं. "पडलीस तर हज्जियाचा मुलगा दोघांनाही पक्षीवाल्याकडे पाठवेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी भोकं उघडी. टाके उसवून दोरे खाली टाकलेले.

मी परत शिवले. त्यांनी परत उसवले. तिसऱ्या वेळेला मी स्टुलावर आणि एक चिमणी समोरच्या फांदीवरून माझ्यावर अशी ओरडतेय की आमच्या सुनेनंही कधी तेवढं तोंड केलं नाही. नात खालून म्हणाली, "दादी, प्लीज स्टॉप. यू आर ब्रेकिंग इनटू पीपल्स हाउसेस."

आणि हज्जिया? ती हसून हसून जाळीला धरून खाली बसली. हाजी गेल्यापासून मी तिला एवढी हसलेली पाहिली नव्हती. डोळे पुसत म्हणाली, "उख्ती, तू माझ्या घरात इतकी वर्षं राहतेस. माझ्या घराला दारं किती?"

"दोन."

"का दोन?"

आता हे मला माहीत होतं. इथल्या जुन्या घरांना दोन दारं असतात. एक पुढचं, मजलिसचं म्हणजे बैठकीचं, तिथून पुरुष पाहुणे येतात-जातात. दुसरं घरातल्यांचं, बायकांचं. म्हणजे कोणी पाहुणा आला तरी घरातल्या बाईला डोक्यावरचं कापड सावरत पळायला लागत नाही.

"मग?" हज्जिया म्हणाली. "खानदानी चिमण्या आहेत माझ्या. एका दारातून पाहुणा आला की दुसऱ्यातून बायको बाहेर. तू एक दार शिवलंस तर बिचारी जाईल कुठून? तुमच्या गावात घराला मागचं दार नसतं?"

असतं की! परसदार असतं. तिथून मी किती वेळा निसटलेय, सासूबाईंची बहीण पुढच्या दारानं आली की. पण ते काही मी हज्जियाला सांगितलं नाही. दाभण डब्यात ठेवून दिलं.

घरटी झाली, पण मुलग्याचा शब्द अंड्यांचा होता. रमजानचे शेवटचे दिवस. दिवसा हज्जिया चिमण्यांना ऐकवत बसायची, "अगं लाज वाटत नाही? राहायला घर दिलं, खायला दाणे दिले, उख्तीचा झाडू दिला. एक अंडं मागतेय." हे म्हणायचे, "घर झालं, आता रेसिडेन्सीचं बघा म्हणावं, नाहीतर डिपोर्ट होतील." सगळ्यांनी हसायचं. पण हज्जिया हसून झालं की पिंजऱ्याकडे बघायची, आणि मला तिच्याकडे बघवत नसे. आम्ही दाणे बदलले, अळ्या आणून दिल्या. चिमण्या एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर, नुसत्या ये-जा. पाहुण्यांची ईद आधीच सुरू झालेली.

ईदच्या आदल्या संध्याकाळी मी शीरखुर्म्याचा सुकामेवा चिरत दारात बसले होते. सहज वर नजर गेली. मधल्या फांदीवरच्या घरट्यात चिमणी गेली आणि दुसरीकडून बाहेर आली नाही. मी वाट बघितली. नाही आली. थोड्या वेळानं आली ती त्याच भोकातून, जिथून गेली होती. मी उठले, चष्मा लावला, जाळीला नाक टेकवलं. दुसरं भोक बंद! आतून गवत ठासून बंद केलेलं. आणि त्या गवतात माझ्या लाल दोऱ्याचा एक तुकडा.

मी शिवलेलं उसवलं, आणि आता माझाच दोरा घेऊन स्वतः बंद केलं. त्यातही मी जे भोक शिवायची ते नव्हे, बरोबर उलट्या बाजूचं.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. माझ्या पहिल्या बाळंतपणाची खोली. आईनं खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबलेले, परसदाराला आतून अडसर, शेगडीत ओव्याची धुरी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. जाण्यायेण्याला एकच दार, तेही आईच्या नजरेखालचं.

मी धावत, म्हणजे माझ्या वयाला जमेल तेवढी धावत, हज्जियाकडे गेले. "अंडी घातली! तुझ्या चिमण्या बाळंतीण झाल्या!"

"दिसली अंडी?"

"दिसली नाहीत. दार लावून घेतलंय."

हज्जियानं माझ्याकडे असं बघितलं जसं काही रोज्यानं माझं डोकं फिरलंय. पण आली. बघितलं. आणि तिनं तोंडावर हात ठेवला. तिच्याही आईनं तिच्या बाळंतपणात तेच केलं होतं. चाळीस दिवस खोलीचं मागचं दार बंद.

ईदच्या सकाळी नमाज झाली आणि मुलगा आला, कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ थोब घालून. मागोमाग हमद टाउनचा पक्षीवाला, दोन रिकामे पिंजरे घेऊन. ईद मुबारक झालं, गळाभेट झाली, खजूर-कॉफी झाली. मग हज्जिया म्हणाली, "अंडी आहेत."

"कुठं?" मुलग्यानं विचारलं.

"तिथं. खालाला विचार."

म्हणजे आता माझ्यावर. मी सगळं सांगितलं. दोन दारं, एक बंद, बाळंतिणीची खोली. तो ऐकत होता, पण ओठ असे आवळून की हसू फुटायला नको. म्हणाला, "खाला, तुम्ही आधी म्हणालात हिरवी पात पाहिजे. मग म्हणालात घरं कच्ची आहेत. मग म्हणालात अंडी खाली पडतील. आता अंडी न बघताच सांगताय आहेत. मला शिडी लावून बघू दे."

आणि तो खरंच शिडीकडे वळला. आता ही शिडी, हा माणूस, हातात मोबाइलचा टॉर्च! चिमणी घाबरून अंडी सोडून गेली म्हणजे?

मी पिंजऱ्याच्या दारात आडवी उभी राहिले. "बाळा, तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईच्या खोलीत कोणी पुरुष शिडी लावून डोकावला होता का?"

पक्षीवाला खाली बघायला लागला. आमच्या ह्यांना खोकला आला. मुलगा लाल झाला, मग आईकडे बघितलं. तिनं फक्त डोक्यावरचं कापड पुढे ओढलं आणि हात जोडल्यासारखे छातीपाशी धरले. त्यानं ते बघितलं. मला वाटतं तिथंच खरं काय ते झालं, माझ्या भाषणानं काही झालं नाही.

"बरं," तो म्हणाला, "बाळंतीण आहे तर चाळीस दिवस. चाळीस दिवसांत मला पिल्लू दाखवा. नाहीतर खलास."

पक्षीवाला शीरखुर्म्याच्या दोन वाट्या खाऊन, रिकामे पिंजरे घेऊन गेला.

पिल्लांचा आवाज मी नाही ऐकला आधी, हेही सांगून टाकते. आमच्या ह्यांनी ऐकला. सकाळी पिंजऱ्याजवळच्या खुर्चीवर बसले होते, मला हाक मारली, "अगो ये, भुका लागल्यात कोणाला तरी." आत घरट्यातून असा बारीक चिरका आवाज, गाडीचा पट्टा सैल झाल्यावर येतो ना, तसा. आमच्या ह्यांना तोच आठवला. हज्जिया केससुद्धा न विंचरता बाहेर आली. जाळीला हात लावून हाजींसारखं घसा खाकरून म्हणाली, "सबाह अल्खैर, नव्या पाहुण्यांनो. आजची बातमी अशी की..." आणि पुढं तिला बोलता येईना. मग मीच बातमी सांगितली, टोमॅटो महागले म्हणून. कोणीतरी सांगायला पाहिजे ना.

तोवर बाकीच्याही दोन-तीन घरांनी एकेक दार लावून घेतलं होतं.

संध्याकाळी मुलगा आला. उभ्या उभ्या आवाज ऐकला, बराच वेळ ऐकला. घावणे मागून घेतले. गाडी आता उन्हातच उभी असते, तिला त्यानं काळं कव्हर आणलंय. हज्जिया म्हणते, "तुझ्या गाडीनं अबाया घेतला, बरं झालं."

मागच्या महिन्यात हे गावी जाऊन आले. मी फोनवर सांगितलं होतं, झाडू आणा. "किती?" विचारलं. म्हटलं, "मला एक. बाकी तुम्ही बघा." तर यांनी गठ्ठाच आणला, बॅगेत कपड्यांना जागा नाही. विमानतळावर अडवलं का विचारलं, तर म्हणाले, "अडवलं ना. म्हटलं, बायको झाडत नाही, बांधकाम करते."

गठ्ठा सोडला. चांगला घट्ट बांधलेला बघून एक माझ्यासाठी बाजूला काढला, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, दार लावून. बाकीचे पिंजऱ्यात टेकवले. सकाळी बघते तर पिंजऱ्यातले तसेच, आणि हज्जियानं पहाटे हळूच दार ढकलून माझ्या कोपऱ्यातला नेऊन चिमण्यांना दिलेला. विचारलं तर म्हणाली, "उख्ती, तू जो बाजूला काढतेस तोच चांगला असतो, हे मला माहीत आहे."

म्हणून आता मी बाजूला काढते तो मुद्दाम वाईट झाडू, आणि माझा चांगला दुसरीकडेच लपवते. अजून तिला कळलेलं नाही. हे मराठीतलं तिला कोण सांगणार आहे, नात सोडली तर.